लिंबाचा चेला आणि आडवी बाटली

आमचे पाव्हणे, म्हणजे बायकोचे धाकटे बंधू, पुण्यात नोकरी करतात आणि सवड मिळाली की परदेशात जाऊन येतात. आले की पहिल्यांदा आमच्याकडे उतरतात. आम्ही अजून गावातच आहोत ना, याची खात्री झाल्याशिवाय त्यांना फिरून आल्यासारखं वाटत नाही. त्या वर्षी ते इटलीला गेले होते. बहिणीला फ्रीजवर चिकटवायचा एक कलता मनोरा आणला, आणि मला बोटभर उंचीची पिवळी बाटली. मनोरा सगळ्यांसमोर दिला. बाटली द्यायला मला बागेत नेलं, तेही पार आतल्या ओळीत.

"दाजी, चाखा. लिमोनचेल्लो म्हणतात. तिकडं जेवण झालं की घोटभर घेतात, पचनाला."

पहिल्या घोटात गोड लागलं, दुसऱ्यात लिंबू लागलं, आणि तिसरा घोट नव्हताच.

"कशाची करतात?"

"लिंबाच्या सालीची. घरोघर करतात दाजी, आपल्या लोणच्यासारखी. साल दारूत मुरवायची, गाळायची, साखरेचा पाक घालायचा. झालं."

हे वाक्य त्यांनी ज्या ठिकाणी उच्चारलं तिथे आमच्या दोघांच्या पायाखाली लिंबांचा सडा पडला होता. मिरजगावच्या बाजारात त्या हंगामात लिंबाला कोणी विचारत नव्हतं. गोणी नेली तर गोणी रिकामी करून घ्यायची एवढीच मेहेरबानी व्यापारी करत. लिंबं झाडाखाली सडत होती. मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो, आणि रसायनशास्त्राच्या मास्तराला एकदा का प्रक्रिया उद्योग सुचला की त्याला कोणी अडवू शकत नाही. पोरांना मी वर्षानुवर्षं फळ्यावर अल्कोहोलची सूत्रं लिहून देतोय. मला काय अवघड होतं? पुढे कळलं की सूत्र सोडून बाकी सगळंच अवघड होतं.

तशी अडचण एकच होती. नेमकी त्याच सुमाराला आमच्या घरून दारूबंदीची चळवळ निघत होती.

ही चळवळ बायकोची. ती बचत गटाची अध्यक्ष. गावातलं दारूचं दुकान शाळेच्या वळणावर आहे. दुकानासमोर बाप्ये उकिडवे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना नावं ठेवतात, म्हणून मुली सरळ रस्ता सोडून ढेकळांतून, बांधावरून शाळेला येतात. पावसाळ्यात माझ्या वर्गात निम्म्या पोरी गुडघ्यापर्यंत चिखलात असत. मी त्यावर काय केलं? वर्गाबाहेर पाय पुसायला गोणपाट टाकलं. बायकोने सह्या गोळा केल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्या पुरल्या की गावातल्या बायकांचं मतदान लागतं. मतपत्रिकेवर उमेदवार दोनच, आणि दोन्ही बाटल्या. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी घरी बसली तिचं मत न देताच उभीच्या पारड्यात. आणि एकदा हरलं की परत मागायला लवकर तोंड राहत नाही. तेव्हा बायकोला एकेक बाई घरातून बाहेर काढायची होती, आणि तिचा सगळा जीव त्यात गुंतला होता.

ती अडली होती माझ्या चुलतीपाशी.

काकी आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिचं लोणचं सगळ्या भावकीत जातं आणि तिचा शब्द सगळ्या मळ्यांवर चालतो. मळ्यातल्या म्हाताऱ्या काकी निघाली तरच निघणार, आणि त्या निघाल्या नाहीत तर आडवी बाटली पडली म्हणून समजा. काकी काही दुकानवाल्याच्या बाजूची नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं.

"सूनबाई, दुकान बंद केलं की बाप्ये घरात काढत्यात. म्या बघितलंय."

"काकी, तो काळ गेला," बायको म्हणाली. "आता कोण बसतंय घरात दारू करत?"

हा प्रश्न तिने ओसरीवर विचारला तेव्हा मी आतल्या खोलीत, दार लोटून, लिंबं सोलत होतो.

सोलण्यापर्यंत पोचायला आधी व्होडका लागली होती. गावातल्या दुकानात जाणं म्हणजे स्वतःच्या संसारावर शिक्का मारून घेणं. मिरजगावात मला सगळे ओळखतात. म्हणून नगरला गेलो. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या एसटीचा कंडक्टर अजून नुसतं नगरच ओरडतो आणि गाडी बरोबर तिथेच पोचते. ओळख लागू नये म्हणून मी हेल्मेट घालून दुकानात शिरलो. एसटीने आलेल्या माणसाने हेल्मेट कुठून आणलं हा प्रश्न तुम्हाला पडेल. घरून नेलं होतं, मांडीवर ठेवून. काचेआडूनच व्होडका मागितली.

"सर, नमस्कार!" गल्ल्यावरचा दाढीवाला म्हणाला. "वळखलं का? शेवटच्या बाकावर असायचो."

शेवटच्या बाकावरची मुलं आवाजावरून मास्तर ओळखतात. चेहरा त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

"एवढी व्होडका, सर? कार्यक्रम हाय का?"

"प्रयोग आहे."

"आमच्या टायमाला प्रॅक्टिकलला असलं काय न्हवतं." मग तो हळूच म्हणाला, "एक दिवसाचा परवाना फाडावा लागंल. नाव काय टाकू?"

"तुझंच टाक."

"सर," तो खरोखर दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "कॉपी करू नका म्हनायचा तुमी."

माझं नाव टाकलं. बाटल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत गुंडाळून आणल्या. त्या गठ्ठ्याला आमच्या घरात कोणी हात लावत नाही; खुद्द मीही शक्यतो लावत नाही.

आता साल. पाव्हण्यांनी फोनवर बजावलं होतं, "दाजी, वरची पिवळी साल तेवढीच घ्या. पांढरा भाग आला की कडू होणार." इटलीतलं लिंबू मी नंतर फोटोत पाहिलं. वांग्याएवढं, आणि साल अशी की तिच्यात पाय घालून थंडी काढावी. आमच्या भागात होतं ते कागदी लिंबू. त्याला कागदी का म्हणतात याचा मी उभ्या जन्मात विचार केला नव्हता. बागेचा मालक मी, सातबाऱ्यावर फळबाग म्हणून नोंद, आणि नावातच लिहिलेली गोष्ट मला कळली सोलाणं हातात घेतल्यावर. पहिल्या फटक्यात साल, पांढरा भाग आणि आतली फोड असं सगळं एकदमच हातात आलं. पिवळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं हे बघायला सूक्ष्मदर्शक लागला असता. शिवाय निम्मी लिंबं हिरवीच होती. मग सोलाणं सोडून किसणी घेतली. किसणीने लिंबाची साल कमी आणि माझ्या बोटांची जास्त निघाली, आणि त्या बोटांवर लिंबाचा रस उडत राहिला. ओसरीवर दारूच्या दुष्परिणामांवर चर्चा चालू होती. आत मी ओठ चावून ते भोगत होतो, थेंबही न पिता.

बैठक संपल्यावर बायको आत आली. समोर पाटीभर लिंबं, सोलून उघडी केलेली.

"अहो, हे काय? ही लिंबं अशी का?"

"शाळेत प्रयोग आहे. साल लागते."

"आणि रस?"

"रसाचं काही काम नाही."

"मग द्या इकडे. उद्या खालच्या आळीतल्या बाया बोलावल्यात."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या बायांनी दारूबंदीची शपथ घेऊन माझ्या लिंबांचं सरबत प्यायलं, आणि त्याच लिंबांची साल पलीकडे फडताळात व्होडका पीत बसली. असली काटकसर आमच्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती.

बरणी चिनी मातीची घेतली, वर दादरा बांधला आणि लोणच्यांच्या रांगेत मागे सरकवली. बायकोला सांगितलं की उपासाचं लिंबू घातलंय. यात माझी हुशारी होती. उपासाच्या लोणच्याला आमच्यात ज्याने घातलं त्यानेच हात लावायचा असतो. ओला हात नको, उष्टा चमचा नको, येता-जाता झाकण काढणं नको. जगातली कुठलीही तिजोरी एवढी सुरक्षित नसेल.

"तुम्ही लोणचं घातलंत?" बायकोने विचारलं. हा माणूस चहात साखर ढवळायला चमचा शोधत बसतो, हे तिला माहीत होतं.

"निवृत्ती जवळ आली. काहीतरी छंद नको का?"

चळवळीच्या धांदलीत तिने पुढे विचारलं नाही. मी रोज शाळेतून आलो की बरणी हलवायचो. पाव्हणे फोनवर विचारायचे, "मुरतंय का दाजी?" आणि मी भोवती बघून म्हणायचो, "मुरतंय." बायकोला वाटे, तिचा भाऊ तिच्या चळवळीची चौकशी करतोय.

गाळायचा दिवस आला तेव्हा बायको तालुक्याला गेली होती. मी उपरणं धुऊन वाळवून घेतलं आणि बरणी उपडी केली. बाटलीतलं इटालियन पिवळं मला आठवत होतं. उपरण्यातून जे खाली पडलं त्याचा रंग मोरीत टाकायच्या फिनेलच्या एका प्रकाराशी मिळताजुळता होता. म्हटलं, हिरवी लिंबं होती, चालायचंच. साखरेचा पाक केला. गुलाबजामचा होतो तसा झाला, कारण मला तेवढाच माहीत. तो ओतला, ढवळलं, आणि देवाचं नाव न घेता, कारण या कामात ते बरं दिसलं नसतं, वाटीभर तोंडाला लावलं.

आधी गोड लागलं. मग कडू. मग घशात आग उतरली. आणि हे सगळं ओसरल्यावर जिभेवर जे उरलं ते खारट होतं. किंचित वगैरे नाही, चांगलं खारट. जुलाब झाल्यावर पाजतात ते पाणी दारूत कालवावं तसं.

पाव्हण्यांना फोन लावला.

"खारट? दाजी, इटलीत खारट नसती."

"बोअरच्या पाण्याचा क्षार असेल."

"पाणी कुठं घातलंत तुम्ही?"

"पाकात."

"वाटीभर पाण्यात एवढा क्षार असता तर तुमचे दात पडले असते दाजी."

मी शास्त्रज्ञ आहे. चमचाभर द्रव बाटलीत घेतला, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नसताना परीक्षानळीत ओतला आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नळीत दह्यासारखा पांढरा साका बसला. क्लोराईड. म्हणजे मीठ. विज्ञानाने मला इथवर आणून सोडलं आणि ते परत गेलं. मीठ कोणी टाकलं हे सिल्व्हर नायट्रेटला विचारता येत नाही.

त्याचं उत्तर संध्याकाळी चालत घरी आलं.

"कसं झालंय रं लोनचं, मास्तर?" काकी दारातच पदर सारखा करत म्हणाली. बायको प्रचाराला गेली होती, हे तिला माहीत होतं.

"मुरतंय काकी."

"मुरायचंच. मीठ बरं पडलंय त्यात."

मी वळून फडताळाकडे पाहिलं.

"तवा हिंगाची डबी न्यायला आलते," ती म्हणाली. "म्हनलं, मास्तरनी लोनचं घातलं, बघावं. दादरा सोडला आन नाकात असा भपकारा गेला! तुझ्या काकाची आठवन झाली बग मला."

"काकी, ती दारू नाही. म्हणजे, आहे, पण पचनाची."

"तुझा काका बी पचनाचीच प्यायचा. जेवन तेवढं पचायचं न्हाई." मग ती पायरीवर टेकली. "त्याच्या बाटलीत म्या असंच मीठ टाकायची. वकारी आली की टाकून द्यायचा. मीठ टाकून टाकून म्या त्याला निम्म्यावर आनला हुता. मग त्या साली गावातलं दुकान बंद पाडलं. लई वाजत-गाजत. ह्यो वढ्याकाठची हातभट्टीची प्यायला लागला. ती कुटं ठिवायचा, कवा प्यायचा, मला काय कळंना. मीठ कशात टाकू? आन एक दिवस सकाळी उठला, तर म्हनला, अंधार का क्येलाय घरात."

काका आंधळे होते हे मला लहानपणापासून माहीत होतं. काकी त्यांचा हात धरून त्यांना देवळात नेई, परसात नेई. डोळे कशाने गेले ते घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"म्हनून म्या न्हाई म्हनते सूनबाईला," काकी म्हणाली. "ती म्हनती, आता कोन घरात काढतंय. आन हितं तिच्याच फडताळात." ती उठली. "परवा पारावर सभा हाय न्हवं? त्याच्याआधी सांग तिला. न्हाई सांगितलंस तर सभेत मीच विचारीन. चार लोकांत."

काकीने सभेत तोंड उघडलं की संपलंच होतं. दारूबंदीच्या पुढारणीच्या घरात दारू मुरतेय म्हटल्यावर मळ्यातल्या म्हाताऱ्या कशाला घरातून हलतील? आणि पोरी आपल्या बांधावरूनच येतील. सगळ्या गावाची आडवी बाटली माझ्या बरणीला अडकली होती.

सांगायचं तर होतं. मी दुसऱ्या दिवशी बायको भाकरी थापत असताना चुलीजवळ जाऊन बसलो आणि प्रस्तावना केली.

"इटली हा तसा फळबागांचा देश. तिथले लोक लिंबाची साल वाया घालवत नाहीत."

"बरं."

"आपल्याकडे प्रक्रिया उद्योगाला फार वाव आहे."

"अहो, भाकरी करपेल. काय केलंय ते सांगा."

"दारू केलीय."

तिचा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उलटलीच नाही.

"कुठंय?"

"उपासाचं लिंबू."

ती फडताळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुणाला माहीत आहे?"

"काकीला. तिने मीठ टाकलंय."

"आणखी?"

"तुझ्या भावाला. त्यानेच मला शिकवलं." हे सांगण्याची गरज नव्हती, पण बुडताना माणूस जवळचाच हात धरतो.

"त्याचं मी बघते." करपलेली भाकरी तिने बाजूला ठेवली. ती पुढे माझ्याच ताटात आली. "झालीय तरी चांगली का?"

"नाही."

"तेवढं तरी धड कराल वाटलं होतं."

मी बरणी उचलली. म्हटलं, आत्ता मोरीत ओततो, विषय संपला, काकी काही पुरावा दाखवू शकणार नाही.

"ठेवा खाली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "काकी खोटं बोलल्या असं म्हणू मी? त्या बाईला? उद्या ती बरणी सभेला घेऊन यायची."

"कोणी?"

"तुम्हीच. मी काय वाहून नेऊ का?"

तर मी गावातून चालत बरणी नेली. ज्यांनी विचारलं त्यांना लोणचं आहे म्हटलं, आणि आमच्या घरच्या सभेत आता जेवणही देतात असं गावात पसरलं. गर्दी चांगली झाली. पारासमोर बाया, मागे भिंतीवर बसलेले आणि भिंतीला टेकलेले बाप्ये. त्यांतले निम्मे उभ्या बाटलीचे. उरलेले नुसते उभे. काकी सगळ्यांत पुढे, मळ्यातल्या म्हाताऱ्या तिच्या भोवती. मला बायकोने स्वतःच्या शेजारी उभं केलं, बरणी पोटाशी धरून, बक्षीस समारंभात ढाल धरतात तसं.

"काकी म्हणतात, दुकान बंद केलं की घरात दारू काढतात," तिने सुरुवात केली. "काकी खरं सांगतात. ह्या बरणीत दारू आहे. माझ्या नवऱ्याने माझ्या घरात केलेली."

भिंतीवर एकदम खसखस पिकली. कोणीतरी ओरडलं, "मंग उभीच राहू द्या की वहिनी!"

"आणि काकी, ही त्यांनी कधी केली?" बायको भिंतीकडे न बघता म्हणाली. "दुकान चालू असताना केली. दुकानाने कुणाचं घर राखलेलं नाही. माझं सुद्धा राखलं नाही."

काकीने हनुवटी वर केली. "बरं. पन बंद झाल्यावर वढ्याला भट्टी लागली तर? तवा बी लई भाषनं झालती. दुसऱ्या दिवशी कुनी फिरकलं न्हाई."

"मी फिरकेन. दर आठवड्याला घरोघर जायचं, ओढ्याला जायचं. वास आला की हाका मारायच्या, सगळ्यांनी जमायचं. पहिलं घर माझं धरा. आणि काकी, तुम्ही पुढे पाहिजे. माझ्या फडताळात महिनाभर होती, मला कळली नाही. तुम्हाला झाकण काढल्याबरोबर कळली."

"आन नवरा आडवा आला तर?"

"माझा येतोय का बघा."

सगळ्या सभेने माझ्याकडे पाहिलं. मी आडवा येण्याच्या स्थितीत नव्हतो. मला बरणी जड झाली होती.

काकी उठली, गुडघ्यावर हात ठेवत माझ्यापाशी आली. "काय म्हनत्यात रं ह्याला?"

"लिमोनचेल्लो."

"कुनाचा चेला?"

भिंतीवरून आवाज आला, "लिंबाचा चेला!" आणि त्या क्षणापासून मी गावात सर राहिलो नाही. पोरं अजून मागून हळूच म्हणतात, चेला आला.

काकीने दादरा सोडला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथेच बाजूला थुंकली. "मीठ माझं हाय," तिने बायांना सांगितलं. "कडू त्याचं." मग मला म्हणाली, "वत त्या गटारीत." मी ओतली. सगळी सभा बघत होती. एखाद्या माणसाची महिनाभराची मेहनत गटारात जाताना बायांनी एवढ्या मनापासून टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. काकी मात्र जागेवर जाऊन बसली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

मतदान आमच्याच शाळेत होतं. बाप्यांना मत नाही, त्यामुळे माझ्या मताची त्या दिवशी कोणाला गरज नव्हती. तशी एरवीही नसते. बायकोने मला मळ्यातल्या म्हाताऱ्या मोटरसायकलवर आणायच्या कामाला लावलं. येतील का नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या मळ्यात गेलो तर म्हातारी नवी साडी नेसून बांधावर उभी. गाडीवर बसायच्या आधी मला म्हणाली, "तोंड उघड." हुंगून घेतलं, मग बसली. दुसरीनेही हुंगलं. मग तिसरीने. काकीने निरोप धाडला होता म्हणे, मास्तरच्या गाडीवर बसायचं, पण वास घेऊन.

काकी स्वतः चालत आली, सगळ्यांच्या मागून. बाहेर आली तेव्हा बायको झाडाखाली उभी होती. तिने विचारलं नाही, पण तिचा चेहरा विचारत होता.

"अशी काय बघतीस?" काकी म्हणाली. "सांगायचं नसतंय त्ये."

मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर बायांची दाटी, आत साहेब लोक चिठ्ठ्या लावतायत. गठ्ठे बराच वेळ असे दिसत होते की बायको खिडकीजवळून उठून नळावर गेली, तोंड धुऊन आली, परत गेली. मी चहा वाटत होतो आणि एकाच बाईला पुन्हा पुन्हा देत होतो. शेवटी साहेब बाहेर आले आणि त्यांनी आकडा वाचला. आडवी बाटली काठावर निघाली होती. मळ्यातल्या म्हाताऱ्या आल्या नसत्या तर निघाली नसती, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळत होतं. बाया ओरडल्या, कोणी गुलाल आणला. बायको शाळेच्या पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून राहिली. मी जवळ जाऊन चहाचा कप ठेवला. तिने तो घेतला. त्या महिन्यात माझ्या हातचं तिने घेतलेलं ते पहिलंच.

गुलाल लावलेल्या बाया वाजत-गाजत आमच्या घरी आल्या. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. सगळ्या बायकोला पेढा भरवतायत, फोटो काढतायत. काकी त्यांच्यामधून वाट काढत, कोणाशी न बोलता, सरळ आत गेली. मी मागोमाग गेलो. तिने फडताळ उघडलं होतं आणि एकेका बरणीचा दादरा सोडून नाक लावत होती. आंबा. मिरची. भोकर.

"काकी, आज कशाला? पेढा तरी खा."

"पेढा सूनबाईचा," ती पुढची बरणी ओढत म्हणाली. "म्या कामाला आलेय. सरक, उजेड आडवलास."